जमिनीवर अंथरलेला नकाशा

संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राजेरजवाड्यांच्या तलवारी, दरबारी पोशाख, जुनी नाणी आणि 'हात लावू नये' असे बजावणाऱ्या पाट्या येतात. सामान्य माणसाच्या घरातली कढई, भाड्याची पावती किंवा गल्लीच्या नावाची पाटी तिथे क्वचितच दिसते. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहरात मात्र अशाच वस्तूंवर एक संग्रहालय उभे राहिले. 'डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम' हे त्याचे नाव. पाडून टाकलेल्या एका वस्तीचा इतिहास त्या वस्तीतल्याच माणसांनी तिथे जपला आहे.

केपटाऊन नगरपालिकेच्या सहाव्या विभागाला हे नाव १८६७ साली मिळाले. मुक्त झालेले गुलाम, कारागीर, मजूर, छोटे व्यापारी, पूर्व युरोपातून आलेले ज्यू, काळे आफ्रिकन आणि मुसलमान असे सारे या दाटीवाटीच्या वस्तीत एकत्र राहत. केपच्या मुसलमानांचा इतिहास डच कंपनीने इंडोनेशियाच्या बेटांवरून आणि हिंदुस्थानातून गुलाम व कैदी म्हणून आणलेल्या माणसांपासून सुरू होतो. पुढे त्यांत आपल्या कोकणातल्या मुसलमानांची भर पडली. रत्नागिरीकडच्या गावांतून पोटासाठी आगबोटीने गेलेल्या या लोकांची 'कोकनी' म्हणून ओळखली जाणारी बिरादरी केपटाऊनमध्ये आजही आहे. म्हणून ही कहाणी आपल्याला वाटते तेवढी परकी नाही. १९०४ साली नगरपालिकेवर निवडून आलेले डॉ. अब्दुल्ला अब्दुररहमान आणि पुढे त्यांची कन्या सिसी गूल यांच्या राजकारणाशीही या वस्तीचे जवळचे नाते होते.

वर्णद्वेषी सरकारच्या डोळ्यांत ही सरमिसळ खुपत होती. १९५० च्या 'ग्रुप एरियाज' कायद्याचा आधार घेऊन ११ फेब्रुवारी १९६६ रोजी डिस्ट्रिक्ट सिक्स हा केवळ गोऱ्यांचा भाग म्हणून जाहीर झाला. पुढच्या दीड दशकात ६० हजारांहून अधिक माणसांना तिथून उठवून शहराबाहेरच्या 'केप फ्लॅट्स' या वालुकामय पट्ट्यात नेऊन टाकले गेले. एका आळीतली घरे वेगवेगळ्या वसाहतींत विखुरली. बुलडोझरने घरे सपाट केली, पण प्रार्थनास्थळांना हात लावला नाही. उजाड माळावर मशिदी आणि चर्च तेवढे उभे राहिले. घर उरले नव्हते, तरी जुम्म्याच्या नमाजासाठी लोक लांबून म्यूर स्ट्रीटच्या मशिदीत येत राहिले. वस्तीशी असलेले नाते तुटले नाही, त्याचे एक कारण हेही होते.

संग्रहालयासाठी प्रतिष्ठानाची स्थापना १९८९ मध्ये झाली आणि डिसेंबर १९९४ मध्ये ब्यूटेनकांट स्ट्रीटवरच्या एका जुन्या मेथडिस्ट चर्चच्या इमारतीत ते सुरू झाले. पहिले प्रदर्शन रस्त्यांवर होते आणि ते थोड्याच दिवसांसाठी ठरवलेले होते. रस्त्यांच्या नावांच्या मूळ पाट्या पाडकामावरच्या एका मुकादमाने जपून ठेवल्या होत्या. त्या तिथे टांगल्या गेल्या. जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा अंथरला होता. पूर्वीचे रहिवासी येत, गुडघे टेकून आपली गल्ली शोधत आणि आपल्या घराच्या जागी नाव लिहीत. जवळच ठेवलेल्या कापडाच्या ताग्यावर ते आठवणी लिहीत. मागाहून त्या अक्षरांवर भरतकाम करण्यात आले. लोकांचा ओघ थांबेना, आणि प्रदर्शनाचे कायमचे संग्रहालय झाले.

इथले कार्यक्रम प्रेक्षकांसाठी आखलेले नसून रहिवाशांनी घडवलेले आहेत. वाटाडे म्हणून पूर्वीचे रहिवासीच काम करत आले. त्यांपैकी नूर इब्राहिम यांचे आजोबा सुरतेहून गेलेले. वस्ती सुटल्यावर नूर यांनी आपली कबुतरे नव्या घरी नेली. काही काळाने त्यांना मोकळे सोडले, तर ती संध्याकाळी परतली नाहीत. दुसऱ्या दिवशी ती सापडली जुन्या घराच्या मोकळ्या जागेवर. दरवर्षी ११ फेब्रुवारीला लोक जमून त्या माळावर चालत जातात आणि दगडांच्या राशीत आपला एकेक दगड ठेवतात. आजी-आजोबांच्या स्वयंपाकघरातल्या पाककृती भरतकामातून आणि गप्पांतून गोळा करण्याचा उपक्रम चालला, त्यातून २०१६ मध्ये पुस्तकही निघाले.

अशा कामात एक धोका असतो. गेलेली वस्ती आठवणीत गोड होते. तिथली गरिबी, गुंडांच्या टोळ्या, भाडे घेऊन दुरुस्ती न करणारे घरमालक विसरले जातात. शिवाय १९०१ मध्ये प्लेगचे निमित्त करून इथल्या काळ्या आफ्रिकनांना आधीच हाकलले होते, हे सोयीस्करपणे वगळता येते. संग्रहालयाने ते वगळले नाही.

या आठवणींना व्यवहारातही मोल होते. १९९४ च्या कायद्याने वर्णद्वेषी कायद्यांखाली जमीन गमावलेल्यांना दावा करता आला, आणि त्यात भाडेकरूंचा हक्कही धरला गेला. ज्याच्या नावावर कधीच काही नव्हते, त्याला 'मी इथे राहत होतो' हे सांगायचे होते. शेजाऱ्यांची साक्ष आणि जुनी पावती यांना त्यामुळे महत्त्व आले. ११ फेब्रुवारी २००४ रोजी नेल्सन मंडेलांच्या हस्ते पहिल्या परतणाऱ्यांना घराच्या किल्ल्या मिळाल्या. पुढचे काम मात्र रेंगाळले. २०१८ मध्ये न्यायालयाला सरकारकडे पुनर्वसनाची योजना मागावी लागली. तोवर अनेक वृद्ध दावेदार वाट पाहत अल्लाघरी गेले होते. सरकारने बदललेले वस्तीचे नाव २०१९ मध्ये परत मिळाले. नाव परत देणे सोपे होते, घर देणे तेवढे सोपे ठरले नाही.

आपल्याकडेही धरणांसाठी, रस्त्यांसाठी, दंगलींनंतर मोहल्ले उठले आहेत. मराठी मुसलमानांचा इतिहास लिहिताना आपण बादशहा आणि सूफी संतांपाशी थांबतो. विणकर, तांबोळी, बागवान, खलाशी यांच्या गल्लीपर्यंत पोहोचत नाही. त्यांची कागदपत्रे पेटीच्या तळाशी आहेत आणि ती वाचून दाखवणारी माणसे वयाने थकली आहेत. केपटाऊनच्या लोकांकडेही सुरुवातीला फारसे काही नव्हते. चार पाट्या, एक नकाशा आणि 'आमचे घर इथे होते' असे सांगणारी माणसे होती. तेवढ्यावर त्यांनी सुरुवात केली.