कोलेस्टेरॉलची वंशावळ



"तूप नाही, तळण नाही, तरी याचं कोलेस्टेरॉल एवढं कसं?" हा प्रश्न आपल्या घरांत नवा नाही. त्याच्या उत्तराचा इतिहास आज ऐकू या.

१९३८ साली नॉर्वेतले डॉक्टर कार्ल म्युलर यांनी काही कुटुंबांची नोंद केली. टाचेमागच्या शिरेवर पिवळट गाठी, रक्तात भरपूर कोलेस्टेरॉल आणि ऐन उमेदीत हृदयविकार, या तिन्ही गोष्टी एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दिसत होत्या. म्हणजे दोष फक्त ताटातला नव्हता, रक्ताच्या नात्यातलाही होता.

पण नेमकं बिघडतं काय? ते सत्तरच्या दशकात डलासमध्ये मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी शोधलं. रक्तातलं एलडीएल आत ओढून घ्यायला पेशींना जणू दारं असतात. आईकडून किंवा वडिलांकडून सदोष जनुक आलं, तर निम्मी दारं बंद. दोघांकडूनही आलं, तर जवळजवळ सगळीच. या शोधाला १९८५चं नोबेल मिळालं.

त्याच्या आदल्याच वर्षी पिट्सबर्गमध्ये टेक्सासच्या एका सहा वर्षांच्या मुलीवर हृदय आणि यकृत अशा दोन्हींचं प्रत्यारोपण झालं होतं. तिचं कोलेस्टेरॉल हजारावर होतं. नव्या यकृताची दारं उघडी होती, आणि आकडा झपाट्याने उतरला.

तिकडे जपानमध्ये अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा तपासून १९७३ साली पहिलं स्टॅटिन वेगळं केलं. या औषधाने यकृत स्वतः कोलेस्टेरॉल कमी बनवतं आणि रक्तातलं ओढायला जास्त दारं उघडतं. १९८७ साली अमेरिकेत पहिल्या स्टॅटिनला परवानगी मिळाली. पक्षाघातातून उठलेल्यांनाही त्याचा उपयोग आहे: २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत स्टॅटिन घेणाऱ्यांना दुसरा झटका येण्याचं प्रमाण कमी दिसलं.

आता तुमच्या घराकडे वळू. वाढलेलं प्रत्येक कोलेस्टेरॉल आनुवंशिक नसतं. खाणं, वजन, व्यायाम यांचाही वाटा असतोच. पण हा जन्मजात दोष साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो, आणि तो असलेल्याच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

इथला डॉक्टर फॉर्मवर घराण्याचा इतिहास विचारतो, आणि आपण "काही विशेष नाही" लिहून मोकळे होतो. तो इतिहास आपल्यासोबत विमानात बसलेला नसतो. तो गावाकडच्या आत्याच्या, थोरल्या मामांच्या आठवणीत असतो. "काका टेन्शनने गेले" एवढंच आपण ऐकलेलं असतं. काका तेव्हा किती वर्षांचे होते, हे कुणी विचारलेलं नसतं.

येत्या व्हिडिओ कॉलवर तेवढं विचारा. घरातल्या पुरुषाला पंचावन्नच्या आत किंवा बाईला साठीच्या आत हार्ट अटॅक आला असेल, तर ते वयासकट डॉक्टरांना सांगा आणि मुलांची रक्ततपासणी कधी करायची तेही विचारून घ्या. चालू असलेलं औषध मात्र मनाने बंद करू नका.

आठवण सांगणारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या, मंडळी. भेटू पुढच्या भागात.