पेन्शनच्या यादीत नसलेली माणसं

आपला कुणी पूर्वज फौजेत होता, एवढंच अनेक घरांत ऐकून माहीत असतं. पलटण ठाऊक नसते, कधीकधी नावही धड ठाऊक नसतं. शोध कुठून सुरू करावा, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर एकच असतं: पेन्शनपासून. शौर्याच्या गोष्टी पिढीगणिक वाढत जातात. पेन्शनचा कागद मात्र पैसे मोजणाऱ्या कारकुनाने लिहिलेला असतो. तो सहसा वाढवून सांगत नाही.

स्कॉटलंडमधल्या एखाद्या घराला राजाच्या फौजेतला पूर्वज शोधायचा असेल, तर चेल्सी हॉस्पिटलचे पेन्शनचे कागद लंडनला क्यू इथल्या अभिलेखागारात आहेत. ते १७६० पासूनचे आहेत. जन्मगाव, भरतीपूर्वीचा धंदा, उंची, जखमा, हे सगळं त्यात सापडतं. पण त्या स्कॉट माणसाने मराठ्यांची चाकरी केली असेल तर?

अशी माणसं होती. महादजी शिंद्यांसाठी द बॉयनने कवायती कंपू उभे केले, तेव्हा आग्र्याला त्यांच्या तोफा ओतून घेणारा सँगस्टर स्कॉट होता. रॉबर्ट सदरलँड आधी इंग्रजी पलटणीत होता, पुढे शिंद्यांच्या कंपूत कर्नल झाला. राजाच्या फौजेच्या दफ्तरात त्यांची ही चाकरी सापडणार नाही.

त्यांच्यापैकी अनेकांचा माग लागतो तो १८०३ मुळे. त्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं आणि गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढला. शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची सोय कंपनी लावेल, असा त्याचा मथितार्थ. बरेच जण आले आणि कंपनीने त्यांना पेन्शनी बांधून दिल्या. त्यांतल्याच मेजर लुई फर्डिनंड स्मिथने १८०५ मध्ये या कंपूंचा वृत्तांत छापला. १८९२ मध्ये हर्बर्ट कॉम्प्टनने अशा युरोपीय शिलेदारांवर मोठा ग्रंथ लिहिला. वंशज आजही तिथूनच सुरुवात करतात.

फौजी नजरेने पाहिलं तर तो जाहीरनामा हे एक हत्यारच होतं. ४ सप्टेंबरला अलीगढचा किल्ला पडला, तेव्हा इंग्रजांना दरवाजापर्यंत नेणारा लुकन काही दिवसांपूर्वीपर्यंत शिंद्यांचा अधिकारी होता. पण सगळ्यांना एका मापाने मोजू नये. सरसेनापती पेराँ फ्रेंच. त्याने विश्वास उडाल्यामुळे ब्रिटिश रक्ताच्या अधिकाऱ्यांना स्वतःच काढून टाकलं. होळकरांकडच्या विकर्स, डॉड आणि रायन यांनी इंग्रजांविरुद्ध लढायला नकार दिला, तेव्हा १८०४ मध्ये त्यांची डोकी उडवली गेली.

पेराँने काढलेल्यांत जेम्स स्किनर होता. वडील स्कॉट, कंपनीचे अधिकारी, आई राजपूत. आई हिंदुस्थानी म्हणून कंपनीत कमिशनची वाट बंद, म्हणून तो शिंद्यांकडे आला होता. नंतर तो इंग्रज सेनापती लेककडे गेला, पण शिंद्यांविरुद्ध लढणार नाही या अटीवर. त्याचं रिसाल्याचं नाव, स्किनर्स हॉर्स, आपल्या आर्मर्ड कोअरमध्ये आजही आहे. लक्ष्मीबाई नगरातून आयएनए स्टेशन गाठलं की पिवळी मेट्रो थेट काश्मिरी गेटला नेते. तिथे त्याने बांधलेलं सेंट जेम्स चर्च आहे, १८३६ मधलं. त्याची कबरही तिथेच आहे. याच मार्गावर, सेंट्रल सेक्रेटेरिएटजवळ, राष्ट्रीय अभिलेखागारही आहे. कंपनी सरकारच्या कागदांचा मोठा भाग तिथे आहे.

मात्र या सगळ्या कागदांत न सापडणारी माणसं जास्त आहेत. ११ सप्टेंबर १८०३ ला यमुनेपलीकडे पटपडगंजची लढाई झाली. तिचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सात उभा आहे. तिथे कंपूंचा सेनानी बुर्क्यँ मैदान सोडून गेला. १ नोव्हेंबरला अलवरजवळ लासवारीला तर गोरे अधिकारी जवळपास उरलेच नव्हते. तरी शिपाई आणि गोलंदाज तोफांपाशी उभे राहिले आणि तिथेच पडले. सत्तरहून अधिक तोफा गेल्या. फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची खात्री नव्हती, असं लेकने स्वतः लिहिलं. हे शिपाई बहुतेक मराठी नव्हते, अवध आणि दोआबचे होते. पण लढले शिंद्यांच्या निशाणाखाली. द बॉयनच्या काळात याच फौजेत जायबंदी शिपायाला निम्म्या पगाराची पेन्शन आणि वर जमीन मिळे. ज्या दौलतीने हा शब्द दिला, तिचं उत्तरेतलं राज्यच त्या तीन महिन्यांत गेलं. शब्द पाळायला कुणी उरलं नाही.

म्हणजे सोडून गेलेल्यांची नावं रकमेसकट उरली आणि उभे राहिलेल्यांची गेली. जुन्या दफ्तरात एखादं नाव नसेल तर तो माणूस पळाला किंवा कमी पडला, असा अर्थ काढू नये. यादी कुणी आणि कशासाठी केली, हे आधी विचारावं.

आपल्या घरापुरतं मात्र करता येण्यासारखं आहे. आजोबांचं डिस्चार्ज बुक ट्रंकेत असेल, आजीच्या फॅमिली पेन्शनचा पीपीओ कपाटात असेल, जुन्या मेडलच्या कडेला नाव आणि नंबर कोरलेला असेल. त्यावरून रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला विचारता येतं. नंबर, नाव, पलटण, गाव, भरतीचं वर्ष: ही पाच कलमं या दिवाळीत एका वहीत उतरवून ठेवा. आजी आहे तोवर तिलाही विचारा.