आटे गेलेल्या स्टडची कुळकथा

इंजिनाच्या हेडवरचा नट खोलला की खाली जो आटेदार दांडा उभा राहतो, तो स्टड. बोल्टसारखं डोकं त्याला नसतं. दोन्ही टोकांना आटे, मधे साधी दांडी. एक टोक ब्लॉकमध्ये मुक्कामाला गेलेलं, दुसऱ्यावर नट. एरवी त्याच्याकडे कोणी बघत नाही. त्याची आठवण दोनच वेळा होते. एक, नट गरागरा फिरतो पण वर येत नाही तेव्हा. आणि दुसरी, पाना एकदम हलका होतो आणि स्टडचं वरचं टोक नटासकट हातात येतं तेव्हा.

मुळात स्टड आला तो काटकसरीपोटी. ओतीव धातूच्या भोकात आटे पाडून त्यात थेट बोल्ट बसवला, तर खोल-फिट करताना दर वेळी घासतात ते त्या भोकातले आटे. बोल्ट बदलता येतो, ब्लॉक सहजासहजी बदलत नाही. स्टड मात्र एकदा रुतवला की हलवायचा नाही. पुढची सगळी घासाघाशी त्याच्यात आणि नटात, आणि नट म्हणजे चिल्लर माल. झीज कुठे व्हायची हे असं आधीच ठरवून टाकलेलं असतं. जुन्या ब्रिटिश इंजिनांत तर दोन टोकांचे आटेही वेगळे: ओतकामात जाणारं टोक जाड, विरळ आट्यांचं, आणि नटाकडचं बारीक, दाट आट्यांचं. मऊ धातूत जाड आटा तग धरतो. पोलादावर पोलाद आवळताना बारीक आटा जास्त घट्ट बसतो आणि कमी ढिला पडतो. नवशिका हेल्पर स्टड उलटा लावायला जातो, दोन फेऱ्यांत तो अडतो, मग हेल्पर जोर लावतो. आटे जाण्याच्या निम्म्या गोष्टी इथूनच सुरू होत असाव्यात.

स्टड मोडला तर दुसरा आणून लावणं ही आज साधी बाब वाटते, पण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ती तशी नव्हती. हेन्री मॉडस्ले यांनी १८०० च्या सुमाराला लंडनमध्ये आटे कापणाऱ्या लेथला खरी अचूकता आणली, पण प्रत्येक कारखान्याचा आटा आपापला. एका कारखान्याच्या वाफेच्या इंजिनाचा स्टड गेला, तर तो त्याच कारखान्यातून किंवा त्याच्या नमुन्यावरून हाताने घडवून आणायचा. मॉडस्लेंच्या हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट जमवले, त्यांची मापं घेतली आणि १८४१ मध्ये एकसारख्या आट्यांची पद्धत लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडली. आट्याचा कोन ५५ अंश, आणि कुठल्या जाडीच्या बोल्टला इंचाला किती आटे हे पक्कं. त्यांनी नवं काही शोधलं नव्हतं, जे चाललं होतं त्याची सरासरी काढली होती. मला तरी त्यांची थोरवी यातच दिसते. कोणाच्याच आट्याला चूक म्हटलं नाही, म्हणून फारशी भांडणं न होता पद्धत रुळली.

भांडण नंतर झालं, आणि ते समुद्रापलीकडून. १८६४ मध्ये फिलाडेल्फियात विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा सुचवला. व्हिटवर्थचा गोल माथा कापायला कुशल माणूस लागतो, हा साधाही कापेल, असं त्यांचं म्हणणं. १८९८ मध्ये झुरिचच्या परिषदेत युरोपने मिलिमीटरचा आटा ठरवला, तोही ६० अंशांचाच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नट ब्रिटिश स्टडवर चढेना, त्याचा जो काही ताप झाला त्यातून १८ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनमध्ये एका सामायिक इंची आट्यावर सह्या केल्या. तोवर मिलिमीटरवाले आपल्या वाटेने बरेच पुढे गेले होते.

या फाटाफुटीचा हिशेब मुंबईच्या गॅरेजवाल्यांनी कित्येक वर्षं चुकता केला. कुर्ल्याला बनणारी फिएट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, इटालियन वंशाची. तिचा सगळा कारभार मिलिमीटरचा. ॲम्बॅसिडर मॉरिसच्या घराण्यातली. तिच्या बी-सिरीज इंजिनाचे आटे इंची. त्यामुळे एका पेटीत दहा-अकरा, बारा-तेराचे पाने आणि दुसरीत सुताच्या मापाचे, आठ सूत म्हणजे एक इंच. घाईत तेराचा पाना चार सुताच्या नटावर चढतोही, कारण चार सूत म्हणजे १२.७ मिलिमीटर. तीन दशांश मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करायला तो पुरतो. त्यातून पाना बारा कोनी असला तर बघायलाच नको. तो कोपऱ्यांवरच जोर घेतो. सहा कोनी बॉक्स पाना नटाच्या सपाट बाजूंना धरतो, म्हणून जाणता मिस्त्री अडलेल्या नटाला आधी तोच लावतो.

ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे होते तोवर आटे जाणं हा बहुतेक वेळा माणसाचा दोष असे. ॲल्युमिनियम आलं आणि दोष धातूंच्या जोडीत शिरला. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. शंभर मिलिमीटर लांबीला तापमान शंभर अंशांनी वाढलं, तर पोलाद सुमारे ०.१२ मिलिमीटर वाढतं आणि ॲल्युमिनियम ०.२३. म्हणजे गार इंजिनावर मिस्त्रीने बेताने आवळलेला स्टड इंजिन तापल्यावर आपोआप आणखी आवळला जातो, आणि तो ताण अखेर येतो मऊ धातूतल्या आट्यांवर. त्यातही तो सगळ्या आट्यांत सारखा वाटला जात नाही. पहिलाच आटा साधारण एक तृतीयांश भार उचलतो. तो गेला की दुसऱ्याची पाळी.

याचा पहिला मोठा फटका विमानांना बसला. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांची हेडं ॲल्युमिनियमची, आणि स्पार्क प्लग पुन्हापुन्हा काढायचे. प्लगच्या भोकात आधी पितळेच्या जातीतल्या धातूचे बुश बसवत. १९३० च्या दशकात अमेरिकेत दुसरी युक्ती निघाली: स्टेनलेस स्टीलच्या तारेची कॉइल. बॉलपेनातल्या स्प्रिंगसारखी दिसते, पण तारेचा छेद गोल नसतो, शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. त्यामुळे कॉइलच्या बाहेरच्या अंगालाही आटे होतात आणि आतल्याही. हेलिकॉइल या नावाने ती जगभर गेली, आणि महायुद्धातल्या विमान इंजिनांनी तिला दुरुस्तीचा माल न राहू देता मूळ बनावटीचा भाग करून टाकलं.

ती बसवण्याचं काम बघण्यासारखं असतं. आठ मिलिमीटरच्या स्टडचे आटे गेले असतील तर भोक ८.३ च्या ड्रिलने साफ करायचं. मग कॉइलसाठीचे आटे पाडणारा खास टॅप. दिसायला आठच्या टॅपसारखा, पण अंगाने जाड. टॅप अर्धी फेरी पुढे, पाव फेरी मागे, बुरा तुटू द्यायचा, तेल सोडायचं. कॉइलच्या तळाशी एक आडवी शेपटी असते. कॉइल बसवायच्या हत्याराच्या खाचेत ती अडकवून कॉइल फिरवत आत न्यायची. फिरवताना ती जराशी आक्रसते, सोडल्यावर फुलते आणि भोकाला गच्च धरते. वरच्या काठाच्या पाव-अर्धी फेरी खाली गेली की थांबायचं आणि शेपटी ठोकून तोडायची. तोडलेला तुकडा सापडलाच पाहिजे. तो सिलिंडरमध्ये गेला तर पुढची कथा फार महाग पडते. कॉइल किंचित लवचीक असल्याने भार पहिल्या आट्यावर न थांबता खालपर्यंत वाटला जातो, आणि बाहेरून ती मूळ आट्यापेक्षा मोठ्या घेराच्या धातूला धरते. म्हणून नीट बसवलेली कॉइल मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यापेक्षा मजबूत असते. गाडी विकत घेताना हेडमध्ये कॉइल दिसली की नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात, पण ती कशी बसवली आहे हे आधी बघावं.

कॉइलने दुखणं झाकलं, कारण तसंच राहिलं. ते ठळकपणे पुढे आलं जर्मनीत. फोक्सवॅगन बीटलचा क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. हा ॲल्युमिनियमपेक्षा हलका, तापल्यावर त्याहून थोडा जास्त वाढणारा आणि आट्याच्या दृष्टीने फारच मऊ. त्यातून सोळा लांब स्टड निघून सिलिंडरांच्या बाजूने वर जातात आणि दोन हेडं धरून ठेवतात. इंजिनं १३००, १५००, १६०० सीसी अशी वाढत गेली, उष्णता वाढली आणि दहा मिलिमीटरचे स्टड केसमधले आटे सोबत घेऊन बाहेर यायला लागले. आपण काय केलं असतं? आणखी जाड स्टड घातला असता. फोक्सवॅगनने स्टड बारीक केला. आठ मिलिमीटरचा, आणि तो जिथे रुततो तिथे कारखान्यातच पोलादी बुश. दहाच्या मानाने आठच्या स्टडचा ताठपणा तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक कमी होतो. इंजिन वाढलं की तो थोडा ताणला जातो, गार झालं की परत येतो, आणि आट्यांवरची ओढ घटते. मजबुती म्हणजे जाडी, ही समजूत ज्या हातांना लागली आहे त्यांना हे पटायला वेळ लागतो. हेडचे नट 'थोडे जास्त' आवळून आटे घालवणारे हातही तेच.

पोर्श ९११ मध्ये हेच दुखणं मोठ्या घरात आलं. १९६८ ते १९७७ पर्यंत तिचा केसही मॅग्नेशियमचा होता. सहा सिलिंडर, चोवीस स्टड. १९७४ पासूनच्या २.७ लिटरच्या इंजिनांत तक्रारी वाढल्या. अमेरिकेतल्या धुराच्या नियमांसाठी काही गाड्यांना जे थर्मल रिॲक्टर जोडले, त्यांनी आधीच तापट असलेलं इंजिन आणखी तापवलं. पोर्शने दुसरा रस्ता धरला. जवळजवळ ॲल्युमिनियमइतकंच प्रसरण पावेल अशा खास पोलादाचे, डिलावार नावाचे स्टड काढले. कागदावर उत्तर अगदी चोख. गाड्यांत मात्र ओल आणि गंजाने त्या स्टडांना चिरा पडल्या आणि ते स्वतःच मधोमध तुटायला लागले. पुढे केस ॲल्युमिनियमचा झाला. जुन्या २.७ चं इंजिन खोलणारे आजही केसच्या प्रत्येक भोकात पोलादी बुश घालूनच ते परत जोडतात.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा स्टड ही वेगळी जात. तिथे आटे मऊपणाने जात नाहीत. लाल होईतो तापणं, गार होणं, पाणी आणि गंज यांनी नट आणि स्टड एकजीव होतात. जुन्या कारागिरांनी इथे पितळी नट वापरले. पितळ पोलादी स्टडला चिकटून बसत नाही, आणि वेळ आलीच तर पितळी आटे जातात, स्टड वाचतो. काही कंपन्या तांब्याचा मुलामा दिलेले नट देतात, तेही याच हिशेबाने. एखादा हुशार त्यांच्या जागी 'पक्के' लोखंडी नट लावतो आणि पुढच्या वेळी स्टड तुटतो.

तुटलेला स्टड जरा वर उरला असेल तर दोन नट एकमेकांवर आवळून खालच्याला पाना लावायचा, ही सगळ्यात जुनी आणि सभ्य रीत. ओतकाम ॲल्युमिनियमचं असेल तर शेक त्याला द्यायचा, स्टडला नाही. ज्या प्रसरणाने आटे घालवले तेच आता भोक मोठं करतं. गरम असतानाच मेणबत्ती टेकवली की पातळ मेण आट्यांतून खाली शोषलं जातं. पृष्ठभागाशी सपाट तुटला असेल, तर वर नट ठेवून आतून वेल्डिंगने भरायचा; उष्णतेच्या धक्क्याने गंज फुटतो आणि फिरवायला डोकंही मिळतं. हे जमत नाही तेव्हा मधोमध सेंटर पंच, ड्रिल, आणि डाव्या पिळाचा निमुळता एक्स्ट्रॅक्टर. अमेरिकेच्या क्लीव्हलँड ट्विस्ट ड्रिल कंपनीने इझी-आउट या नावाने तो इतका खपवला की इंग्रजी मुलखात कुठल्याही एक्स्ट्रॅक्टरला तेच म्हणतात. नावातला 'इझी' फसवा आहे. निमुळता असल्याने तो जसजसा आत जातो तसतसा स्टडला भिंतीवर आणखी दाबतो. त्याचं पोलाद कडक आणि ठिसूळ. तो आत तुटला की स्टडपेक्षा मोठं संकट, कारण त्याच्यावर साधं ड्रिल चालत नाही. तुटलेल्या टॅपचंही तेच.

या तुटलेल्या टॅपांनी मात्र एका वेगळ्याच यंत्राला जन्म दिला. महायुद्धाच्या काळात अमेरिकेत हॅरोल्ड स्टार्क, व्हिक्टर हार्डिंग आणि जॅक बीव्हर या तिघांपुढे ॲल्युमिनियमच्या ओतकामात तुटून बसलेल्या ड्रिल-टॅपांचा ढीग होता. त्यांनी विजेच्या ठिणग्यांनी टॅप जाळून काढायचं यंत्र केलं. त्याच सुमाराला, १९४३ मध्ये, सोव्हिएत रशियात लाझारेन्को दांपत्य विजेच्या संपर्कबिंदूंची ठिणग्यांनी होणारी झीज थांबवायच्या मागे होतं. ती काही थांबली नाही, पण बिंदू तेलात बुडवले की झीज आपल्याला हवी तशी होते, एवढं हाती लागलं. या दोन धाग्यांतून स्पार्क इरोजन मशीन आलं. आज मोल्ड आणि डाय बनवणाऱ्या टूलरूमचं त्याच्याशिवाय चालत नाही. ती मशीनं बनवणाऱ्या इलेक्ट्रॉनिका आणि स्पार्कोनिक्स या दोन्ही कंपन्या पुण्याच्या.

टूलरूममध्ये डायचं काम चालू असताना कोणी तुटलेला टॅप घेऊन आला, तर त्याच मशीनवर किंवा छोट्या पोर्टेबल युनिटवर तो काढून मिळतो. पितळेची पोकळ नळी टॅपच्या मध्यावर धरतात, तिच्यातून द्रव वाहत राहतो, ठिणग्या पोलादाचा गाभा खात खाली उतरतात. गाभा गेला की टॅपच्या उरलेल्या फाका सुट्या होतात. चिमट्याने एकेक उचलायच्या. भोकातल्या आट्यांना ठिणगी शिवलेली नसते. तिथे नवा स्टड तसाच चढतो.