काउन्सेलरची खोली : अमेरिकन हायस्कूलच्या इतिहासातलं एक पान

आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत हायस्कूलला जाणारं एखादं मूल आहे, नाहीतर दोन-चार वर्षांत जाणार आहे. एपीचे विषय किती घ्यावेत, एसएटीला किती गुण पडले, कुठल्या शाळेचा रोबोटिक्सचा संघ चांगला, यावर आपण प्रत्येक पॉटलकला तासन् तास बोलतो. पण त्याच शाळेत ऑफिसशेजारी एक लहानशी खोली असते, दारावर काउन्सेलरचं नाव लिहिलेलं असतं, तिच्याबद्दल मात्र आपल्या गप्पांत फारसं काही येत नाही. पुढच्या वर्षीचे विषय ठरवायचे असले की मूल तिथे जाऊन येतं. आणि एखाद्या दिवशी तिथून घरी फोन आलाच, तर "काय केलं याने?" या विचाराने आपल्या पोटात गोळा येतो.

यात आपलं आश्चर्य वाटायला नको. आपण ज्या शाळांत शिकलो, मग ती दादरची असो, सांगलीची असो की अकोल्याची, तिथे अशी खोली सहसा नव्हतीच. आपल्याकडे वर्गशिक्षक असत. मुलं दिवसभर एकाच खोलीत, एकाच बाकावर बसत आणि तासागणिक शिक्षक बदलत. वर्गशिक्षिका बाईंना घरचे लोक माहीत असत, मोठी बहीणही त्यांच्याच हाताखालून गेलेली असे. कोणी आठवडाभर आलं नाही तर बाई शेजारच्या मुलाकडे निरोप पाठवत. ही व्यवस्था आदर्श होती असं म्हणण्याचं कारण नाही. छडी होती, आणि जे मूल मनातून खचलेलं असे त्याला "अभ्यासात लक्ष दे" याखेरीज काही ऐकायला मिळत नसे. पण मुलावर कोणाची तरी रोज नजर असे. अमेरिकन हायस्कूलमध्ये उलटा प्रकार. शिक्षक आपापल्या खोलीत बसतात आणि घंटा झाली की दीड-दोन हजार मुलं जागा बदलतात. सहा-सात शिक्षक मुलाला रोज तासभर बघतात, पण सबंध मूल कोणालाच दिसत नाही. ते कोणाला तरी दिसावं म्हणून ही खोली आहे. ती कशी आली याची हकीकत वाचण्यासारखी आहे, कारण तिची सुरुवात आपल्यासारख्याच, नव्याने आलेल्या लोकांपासून झाली.

बोस्टनचा नॉर्थ एंड

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोस्टनच्या नॉर्थ एंड भागात इटलीहून आलेली आणि रशियातून आलेली ज्यू कुटुंबं दाटीवाटीने राहत होती. या लोकांसाठी तिथे सिव्हिक सर्व्हिस हाउस नावाची संस्था चालत असे. तिचा प्रमुख मेयर ब्लूमफिल्ड हा स्वतः रुमानियात जन्मलेला आणि न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वाढलेला. तिथे शिकवायला फ्रँक पार्सन्स नावाचे एक गृहस्थ येत. पार्सन्स शिकले होते सिव्हिल इंजिनिअरिंग. १८७३ च्या मंदीत रेल्वे कंपनी बुडाली, नोकरी गेली. मग त्यांनी लोखंडाच्या कारखान्यात अंगमेहनत केली, शाळेत शिकवलं, वकिलीची परीक्षा दिली, कायद्याची पुस्तकं लिहिली, बोस्टन विद्यापीठात कायदा शिकवला आणि १८९५ मध्ये महापौरपदाची निवडणूक लढवून हरलेही. आयुष्यात इतके रस्ते चुकतमाकत चाललेल्या माणसालाच तरुणांना रस्ता दाखवण्याची निकड कळावी, हे बरोबरच आहे.

रात्रशाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांपुढे त्यांनी 'काम कसं निवडावं' यावर एक व्याख्यान दिलं. व्याख्यान संपल्यावर मुलं एकेकटी भेटायची वेळ मागू लागली. त्यातून जानेवारी १९०८ मध्ये व्होकेशन ब्युरो सुरू झाला. पैसा पुरवला पॉलिन अगासिझ शॉ या दानशूर बाईंनी. पार्सन्स यांची पद्धत साधी होती : आधी स्वतःला नीट ओळखा, मग निरनिराळ्या कामांची खरी माहिती मिळवा, आणि मग दोन्हींचा शांतपणे मेळ घाला. हे ते मुलाशी प्रत्यक्ष बसून, बारीकसारीक प्रश्न विचारून करत. हे काम त्यांना वर्षभरही करायला मिळालं नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते वारले आणि त्यांचं 'चूझिंग अ व्होकेशन' हे पुस्तक १९०९ मध्ये त्यांच्या माघारी निघालं.

त्या मुलांची अडचण काय होती बघा. आईबाप कष्टाळू, मुलांवर जीव ओवाळून टाकणारे, पण या देशात कुठलं दार कुठे उघडतं हे त्यांना माहीत नव्हतं. बापाचा अनुभव जुन्या देशातला, मुलाचं आयुष्य नव्या देशातलं. दोघांच्या मधली जागा भरून काढायला तिसरं माणूस हवं होतं. आपली पदवी आणि पगार वेगळे असतील, पण ही मधली जागा आपल्याही घरात आहे.

शाळेत प्रवेश

बोस्टनच्या शाळाखात्याने ही कल्पना लगेच उचलली आणि ११७ शिक्षकांना सल्लागार म्हणून नेमलं. वेगळा पगार नाही, तासांत सूट नाही, शिकवून उरलेल्या वेळात हे काम करायचं. सरकारी खात्यांची ही रीत आपल्याला अपरिचित नाही! मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सचे मुख्याध्यापक जेसी डेव्हिस यांनी १९०७ पासूनच दुसरी वाट धरली होती. त्यांनी इंग्रजीच्या शिक्षकांना सांगितलं की आठवड्यातून एकदा निबंधाच्या निमित्ताने मुलांना स्वतःबद्दल, आपल्या स्वभावाबद्दल, पुढे काय करायचं त्याबद्दल लिहायला लावा. या कामात पडलेल्या लोकांची राष्ट्रीय संघटना १९१३ मध्ये याच गावात स्थापन झाली.

एवढी घाई का होती, ते आकडे सांगतात. १९०० साली अमेरिकेतल्या सरकारी हायस्कूलांत साधारण ५ लाख मुलं होती. १९२० मध्ये ती २२ लाख झाली आणि १९३० मध्ये ४४ लाखांच्या आसपास पोचली. पूर्वी हायस्कूलला जाणारी मुलं मुख्यतः सुस्थित घरांतली. आता कामगारांची, शेतकऱ्यांची, नुकत्याच बोटीतून उतरलेल्यांची मुलं आली. न्यूयॉर्कमध्ये १९०२ मध्ये लीना रॉजर्स ही पहिली शाळा-परिचारिका नेमली गेली. काही शहरांत शाळा आणि घर यांच्यामध्ये दुवा म्हणून 'भेट देणाऱ्या शिक्षिका' घरोघर जाऊ लागल्या. आजच्या शालेय समाजसेविकांची ही आजी-पणजी. १९१८ मध्ये एका राष्ट्रीय समितीने माध्यमिक शिक्षणाची सात उद्दिष्टं जाहीर केली, त्यांत आरोग्य पहिलं होतं. फावला वेळ चांगला घालवता येणं हेही एक उद्दिष्ट होतं. होमरूम, विद्यार्थी मंडळ, क्लब, बँड यांना शाळेच्या दिवसात जागा मिळाली ती याच विचारातून. ज्याला आपण 'अभ्यासाव्यतिरिक्तच्या उचापती' म्हणतो, तो इथे शिक्षणाचाच भाग मानला गेला होता.

मुलासाठी की देशासाठी?

मात्र या खोलीवर सुरुवातीपासून दोघांचा हक्क राहिला आहे. एक हक्क मुलाचा : माझं ऐकून घ्या. दुसरा देशाचा, कारखान्याचा, विद्यापीठाचा : आम्हाला योग्य माणसं निवडून द्या. पहिल्या महायुद्धात सैन्याने १७ लाखांहून अधिक जवानांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेतल्या आणि युद्ध संपल्यावर चाचण्यांचं हे वारं शाळांत शिरलं. एसएटी पहिल्यांदा झाली ती १९२६ मध्ये. सल्लागाराच्या टेबलावर मुलापेक्षा त्याच्या गुणांची फाइल मोठी झाली.

१९४२ मध्ये कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने समुपदेशनावरच्या आपल्या पुस्तकात दुसरी बाजू जोरात मांडली. रॉचेस्टरमध्ये बारा वर्षं अडचणीतल्या मुलांबरोबर काम करून ते एका निष्कर्षाला आले होते : सल्ला देण्याची घाई करू नका, आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्या बाजूने ऐका. आज हे सोपं वाटतं. पण घरात मूल "मला नाही जमत" म्हणालं की आपण तिसऱ्या सेकंदाला उपाय सांगायला लागतो, यावरून ते किती अवघड आहे हे कळेल. आमच्या संगणकाच्या धंद्यात तर हा रोगच आहे. अडचण पुरती ऐकण्याआधी दुरुस्ती सुरू!

मग ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेची झोप उडाली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा आला. त्यातल्या पाचव्या प्रकरणाने हुशार मुलं हुडकण्यासाठी चाचण्यांना, काउन्सेलर नेमायला आणि त्यांच्या प्रशिक्षणाला पैसे दिले. काउन्सेलरांची संख्या झपाट्याने वाढली ती तेव्हा. (याच कायद्यातल्या सहाव्या प्रकरणाने अमेरिकन विद्यापीठांत दक्षिण आशियाई भाषांच्या अभ्यासालाही पैसा आला.) १९५९ मध्ये हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी हायस्कूलांवरच्या अहवालात २५० ते ३०० मुलांमागे एक काउन्सेलर असावा असं सुचवलं. त्याच अहवालात लहान हायस्कूलं बंद करून मोठी करावीत असंही सांगितलं होतं. शाळा मोठ्या होत गेल्या, काउन्सेलर मात्र त्या प्रमाणात आले नाहीत.

मुलं निवडायला बसलेला माणूस कोणाला तरी वगळणारच. १९६३ मध्ये सिकोरेल आणि किट्सुस या समाजशास्त्रज्ञांनी एका हायस्कूलचा अभ्यास करून दाखवलं की कोण कॉलेजच्या वाटेला लागणार हे काउन्सेलरांच्या नेहमीच्या कामकाजातून आणि मुलांबद्दलच्या त्यांच्या मतांतून ठरत होतं. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधली हजारो मेक्सिकन वंशाची मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. आम्हाला कॉलेजऐवजी हातकामाच्या वर्गांकडे ढकललं जातं, ही त्यांची एक मोठी तक्रार होती. या खोलीतून बाहेर काढलेल्यांचाही इतिहास आहे, आणि ती सुधारली ती बऱ्याच अंशी अशा मुलांनी आवाज केल्यामुळे.

आपल्या देशातही ही कल्पना पोचली होती. मुंबईत पारसी पंचायतीने १९४७ मध्ये आणि मुंबई सरकारने १९५० मध्ये व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढलं. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगानेही माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची शिफारस केली. महाराष्ट्रात २०१६ मध्ये दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी सुरू झाली. पण 'मार्गदर्शन' म्हणजे सायन्स की कॉमर्स, एवढाच अर्थ बहुतेक घरांपर्यंत पोचला. मन मोकळं करण्याचा भाग वाटेतच गळला.

आजची खोली

१९९० मध्ये इथल्या काउन्सेलरांच्या संघटनेने 'गायडन्स' हा शब्द सोडून 'स्कूल काउन्सेलर' हे नाव स्वीकारलं आणि २००३ मध्ये कामाचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला. त्यात अभ्यास, पुढची वाट आणि मुलाची मानसिक-सामाजिक वाढ, तिन्हींना जागा आहे. संघटना २५० मुलांमागे एक काउन्सेलर मागते. २०२२-२३ मध्ये देशाची सरासरी ३८५ मुलांमागे एक होती. आणि गरज वाढतेच आहे. हायस्कूलच्या मुलांच्या सरकारी पाहणीत सतत उदास किंवा हताश वाटत असल्याचं सांगणारी मुलं २०११ मध्ये २८ टक्के होती, २०२१ मध्ये ४२ टक्के आणि २०२३ मध्ये ४० टक्के. डिसेंबर २०२१ मध्ये तेव्हाचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी याबाबत देशाला जाहीर इशारा दिला. २०२२ च्या कायद्याने शाळांतल्या मानसिक आरोग्यासाठी १०० कोटी डॉलर मंजूर झाले. २०२५ मध्ये शिक्षण खात्याने त्यातली बरीच अनुदानं थांबवायचं ठरवलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. शंभर वर्षांपूर्वी पॉलिन शॉ बाईंच्या देणगीवर चाललेलं काम अजूनही कोणाच्या तरी मर्जीवर आहे.

आपली मुलं या टक्केवारीबाहेर आहेत असं समजू नये. उलट गुण चांगले असले की आत काय चाललं आहे ते दिसत नाही. "त्याला काय कमी आहे?" हे वाक्य आपल्याकडे सहज येतं, आणि ते ऐकल्यावर मूल पुढचं बोलत नाही. स्पुटनिकनंतर हा देश विज्ञानातली हुशार माणसं शोधत होता. १९६५ च्या कायद्यानंतर आपण आलो तेही त्याच शोधातून. त्यामुळे या खोलीची गुणांची बाजू आपल्याला पटकन समजते. पार्सन्स ज्या बाजूने सुरुवात करत होते, म्हणजे समोर बसून एका मुलाचं ऐकणं, ती आपल्याला शिकून घ्यावी लागेल.

तेव्हा काही साध्या गोष्टी. वर्ष सुरू होताच, काही बिघडलेलं नसताना, काउन्सेलरला भेटून या. आपल्या मुलाचं नाव नीट कसं उच्चारायचं ते सांगा. गाव बदललं असेल, घरी आजारपण असेल, आजोबा गेले असतील, तर तेही सांगा. जवळपास चारशे मुलं सांभाळणाऱ्या माणसाला आपणहून सांगितल्याशिवाय हे कळणार नाही. मूल तिथे काय बोललं हे खोदून विचारू नका. काउन्सेलर सहसा ते गुप्त ठेवतात, पण जिवाला धोका दिसला तर पालकांना कळवतात. रात्रीबेरात्री घाबरण्यासारखं काही वाटलं तर ९८८ हा नंबर जुलै २०२२ पासून देशभर चालतो. तो फ्रिजवर लावून ठेवायला हरकत नाही. आणि आपल्या मंडळात कॉलेजला गेलेली मुलं आहेतच. गणपतीत त्यांच्याकडून नुसती ढोल-लेझीम न करून घेता नववी-दहावीतल्या मुलांबरोबर त्यांना तासभर बसू द्यावं, मोठ्यांनी त्या वेळी स्वयंपाकघरात राहावं. नॉर्थ एंडमध्ये व्याख्यानानंतर मुलं एकेकटी थांबली होती. आपलीही थांबतील, फक्त त्यांच्यासाठी वेळ काढून कोणीतरी बसलेलं हवं.