आईचा गोंधळ आणि आपला गोंधळ
सभागृहात गोंधळ, निकालात गोंधळ, बदल्यांचा गोंधळ. या शब्दावाचून वर्तमानपत्राचा एक दिवस जात नाही. धाराशिव जिल्ह्यात मात्र तो लग्नाच्या आमंत्रणातही असतो. हळद, लग्न आणि मग जागरण-गोंधळ. तुळजाभवानी ज्यांची कुलदेवता, अशा कितीतरी घरांत गोंधळ घातल्याशिवाय कार्य तडीला गेले असे मानत नाहीत.

हे देवीपुढचे रात्रभराचे विधिनाट्य आहे. आधी पाटावर कापड अंथरून त्यावर धान्याचा चौक भरतात, मध्ये कलश, विड्याची पाने, नारळ. वर उसाची किंवा ज्वारीची ताटे उभी बांधून मखर करतात आणि दिवटी पेटवतात. पायघोळ झगा, पगडी, गळ्यात कवड्यांची माळ असा मुख्य गोंधळी पुढे उभा राहतो. मागे तुणतुणे, झांज आणि कमरेला बांधलेले संबळ. संबळाची जोडी लहानमोठी असते आणि तिच्यावरच्या दोन काठ्यांपैकी एक टोकाला वाकवलेली.

गण झाला की आवाहन. माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरपूरचा विठोबा, ज्याला त्याला त्याच्या गावानिशी हाक घालायची. हा आवाहनाचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात सबंध मुलखाचा नकाशा गोंधळ्याच्या तोंडी असतो. पुढे आख्यान लागते. साथीदार मध्येच प्रश्न विचारून हसवतो, नायक उत्तर देत कथा पुढे नेतो, आणि शेवटी आरती. इतका रेखीव क्रम असलेल्या खेळाचे नाव आपण बेशिस्तीला दिले आहे.

असे का झाले असावे? मला वाटते, हा अर्थ अंगणाबाहेरच्या कानांनी घडवला. चौकाजवळ बसलेल्याला कथा कळते. चार घरे सोडून झोपलेल्याच्या वाट्याला मध्यरात्रीचे संबळ तेवढे येते. मोल्सवर्थच्या 1857 च्या कोशात देवीचा उत्सव आणि गडबड-गोंगाट असे दोन्ही अर्थ आहेत. शब्दाबरोबर त्याची क्रियापदेही बाहेर पडली. गोंधळी गोंधळ घालतो, मांडतो, आणि आपणही घालतो नि मांडतो ते तेच.

खेळ करणाऱ्यांच्या शब्दांचे असे हाल नेहमीच होतात. तमाशा, नाटक, सोंग हे शब्द भांडणात कसे वापरले जातात ते ऐकावे. सूत्रधार तर आता बहुधा पोलिसांच्या बातम्यांतच भेटतो. इंग्रजीत ढोंगी माणसाला ‘हिपोक्रिट’ म्हणतात. तो ग्रीकांचा नटासाठीचा साधा शब्द. म्हणून आपल्या गोंधळ्यांची परवड एकट्याची नाही, पण मला ती अधिक लागते, कारण त्यांची कला अजून जिवंत आहे.

गोंधळी स्वतः आपले मूळ परशुरामापाशी नेतात. त्याने बेटासुराला मारले, त्याचे शीर आणि स्नायूची तार घेऊन वाद्य केले आणि ते वाजवत आई रेणुकेला वंदन केले, अशी कथा आहे. कुळेही दोन, तुळजाभवानीचे कदमराई आणि रेणुकेचे रेणुराई.

ग्रंथांतली वाट उमरग्यापलीकडे कर्नाटकात जाते. आजचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द 1126 ते 1138). त्याने भूतमातेच्या उत्सवात भिल्लिणीच्या वेशात गाणारी-नाचणारी स्त्री पाहिली आणि त्यावरून ‘गोंडली’ नृत्य बसवले, असे जायसेनापतीच्या तेराव्या शतकातल्या ‘नृत्तरत्नावली’त आहे. महाराष्ट्रात भिल्लिणीला गोंडली म्हणतात, असा खुलासाही तो करतो. त्याच शतकात देवगिरीच्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त या नृत्याची नोंद केली. लोकसंस्कृतीचे संशोधक रा. चिं. ढेरे यांनी गोंधळाचा संबंध याच गोंडलीशी जोडला, आणि तुळजापूर ते कल्याणी हे अंतर पाहता मला ते पटते.

गडबडीच्या अर्थाचा सगळा दोष मात्र मराठीच्या माथी मारता येत नाही. कन्नडमध्येही देवीपुढे खेळ करणारे ‘गोंदलिगर’ आहेत आणि ‘गोंदल’ म्हणजे घोटाळाच. उमरगा-आळंदच्या सीमेवर दोन्ही भाषा बोलणाऱ्याला हा शब्द दोन्ही अर्थांनी जवळजवळ तसाच इकडून तिकडे नेता येतो.