इरकलीचा पदर आणि चमकीचा खण

गणेशोत्सवात हल्ली मळमड्डीत खणाच्या साड्या फार दिसतात. पॉलिएस्टरच्या, झगझगीत, वर टिकल्या आणि सोनेरी लेस. आम्हांला त्या आवडत नाहीत. खण हे मुळी चोळीचे कापड. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला ते मागावर विणतात, आणि शिंपी त्याचा काठ नेमका दंडावर आणून चोळी बेततो. सहा वार खणच अंगभर गुंडाळला की त्या काठाला अर्थ उरत नाही.

चोळीची जोडीदार इरकल त्याच जिल्ह्यातल्या इळकलची. अंग बहुधा सुती, पदर रेशमी. पदराचे ताणे अंगाच्या ताण्यांना एकेक फासा घालून जोडतात. याला विणकर टोपी-तेणी म्हणतात. काळ्या चंद्रकळेवर धारवाडच्या बायका कसुती भरत: गोपुरे, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन. नक्षी आधी छापायची नाही, कापडाचे धागे मोजायचे, गाठ मारायची नाही. गवंती आणि मुरगी या टाक्यांत तर सुलट-उलट सारखेच दिसते.

नटण्यामुरडण्याला आमची ना नाही. बालगंधर्वांचे शालू पाहून त्या काळच्या बायकांनीही हौस केलीच; पण ती हौस विणकराच्या घरी पैसा नेत होती. छापील खणाचा पैसा गुळेदगुड्डच्या मागापर्यंत पोचतच नाही.

ज्यांच्या पेटीत आजीची चंद्रकळा असेल, त्यांनी ती यंदा गौरीच्या हळदीकुंकवाला जरूर नेसावी आणि लेकीसुनांना पदराची उलट बाजूही दाखवावी.