जुना लॅपटॉप विकताय? विंडोज ११ टाकावं की आहे तसाच द्यावा, आधी एवढं तपासा

दहावी-बारावीचे निकाल लागले की तालुक्याच्या गावात जुन्या लॅपटॉपची खरेदी-विक्री वाढते. कोणाला पोरीच्या डिप्लोमासाठी हवा असतो, कोणाला सेवा केंद्रासाठी, तर कोणाला दूध संकलनाच्या हिशेबासाठी. घेणारा आता पहिला प्रश्न हाच विचारतो, "विंडोज ११ आहे का?" विकणाऱ्याची त्यामुळे अडचण होते. दुकानात पैसे देऊन नवीन विंडोज टाकून घ्यावं, की आहे तसाच लॅपटॉप देऊन मोकळं व्हावं?

थोडक्यात उत्तर असं. लॅपटॉप विंडोज ११ साठी अधिकृतपणे पात्र असेल तर ते टाकूनच विकावा. पात्र नसेल तर जबरदस्तीनं टाकू नये. आणि दोन्ही बाबतींत आपला डेटा पुसणं आणि परवाना ओरिजिनल असणं या दोन गोष्टी अपग्रेडपेक्षा मोठ्या आहेत.

प्रश्न आत्ताच का आला?

मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. त्या दिवशी लॅपटॉप बंद पडले नाहीत, ते आजही चालतात. पण नवीन व्हायरस किंवा त्रुटी सापडली तर तिच्यावरचा इलाज नेहमीच्या मार्गानं येत नाही. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेटची सोय दिली. मात्र ती आपोआप मिळत नाही, नोंदणी करावी लागते आणि ती मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडलेली असते. म्हणजे विकणाऱ्यानं नोंदणी केली म्हणून घेणाऱ्याला तिचा फायदा मिळेल असं धरून चालू नये. घेणाऱ्यानं स्वतःच्या खात्यावर ती करायची.

विंडोज ७ ची अपडेट १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज ८.१ ची १० जानेवारी २०२३ ला बंद झाली. गूगल क्रोमनंही २०२३ मध्येच या दोन्हींसाठी नवीन आवृत्त्या देणं थांबवलं. त्यामुळे अशा लॅपटॉपवर ऑनलाइन फॉर्म भरताना पान अर्धवट उघडणं, लॉगिन न होणं असे प्रकार होऊ शकतात. विंडोज ७ वरचा लॅपटॉप तसाच विकणं म्हणजे घेणाऱ्याच्या गळ्यात अडचण बांधण्यासारखंच आहे.

आधी प्रोसेसरचा नंबर बघा

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि सिक्युअर बूटची सोय लागते. पण खरी गाडी अडते ती प्रोसेसरवर. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे आणि एएमडीचा असेल तर बहुतेक रायझन २००० मालिकेपासून पुढचे चालतात.

पिढी ओळखायला सोपी आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट उघडलं की प्रोसेसरचं नाव दिसतं. आय३-५००५यू म्हणजे पाचवी पिढी, आय५-७२००यू म्हणजे सातवी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी, आय५-१०२१०यू म्हणजे दहावी. फक्त "आय५ आहे" किंवा "आय७ आहे" एवढ्यावर काही ठरत नाही. पाचव्या पिढीचा आय७ विंडोज ११ ला अपात्र ठरतो आणि आठव्या पिढीचा साधा आय३ पात्र ठरतो.

मुंबई-पुण्याच्या कंपन्यांतून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक तालुक्याच्या दुकानांत बरेच येतात. त्यांत मॉडेलच्या नावावर भरवसा ठेवू नये. एकाच मॉडेलमध्ये काही लॅपटॉप सातव्या तर काही आठव्या पिढीचे निघतात. बाहेरून दोन्ही सारखेच. म्हणून प्रत्येक यंत्र चालू करूनच बघावं.

मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे मोफत अ‍ॅप टाकलं की यंत्र पात्र आहे की नाही ते लगेच कळतं. पात्र नसेल तर कशामुळे, तेही सांगतं.

आठवी पिढी असूनही "चालणार नाही" दाखवतं तेव्हा

असं बऱ्याचदा होतं आणि मग चांगला लॅपटॉप कमी भावात जातो. कारण साधं असतं. टीपीएम चिप असते, पण बायोसमध्ये बंद असते. इंटेलच्या यंत्रात ती पीटीटी या नावानं आणि एएमडीच्या यंत्रात एफटीपीएम या नावानं सापडते. ती चालू करायची. दुसरं कारण म्हणजे दुकानदारानं पूर्वी विंडोज १० जुन्या, लेगसी पद्धतीनं टाकलेलं असतं. त्यामुळे सिक्युअर बूट चालू होत नाही. बायोसमध्ये यूईएफआय निवडून विंडोज ११ कोरं टाकलं की हा प्रश्न मिटतो. विकण्याआधी सगळं पुसायचंच असतं, त्यामुळे कोरं टाकण्यात नुकसान काही नाही.

एक काळजी मात्र घ्यावी. लॅपटॉपला बिटलॉकर म्हणजे डिस्कचं कुलूप लावलेलं असेल तर बायोसमध्ये बदल केल्यावर तो ४८ अंकी किल्ली मागतो. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, ते आधी बघून ठेवावं. किल्ली नसेल आणि आतल्या फाइल हव्या असतील तर त्या परत मिळत नाहीत.

लॅपटॉप पात्र असेल तर

ओरिजिनल विंडोज १० असलेल्या पात्र यंत्रावर विंडोज ११ मोफत मिळतं. वेगळी की विकत घ्यावी लागत नाही. होम असेल तर होम आणि प्रो असेल तर प्रो टाकायचं, म्हणजे इंटरनेटला जोडल्यावर परवाना आपोआप लागू होतो, कारण तो त्या यंत्राच्या मदरबोर्डशी जोडलेला असतो.

खर्च होतो तो डेटा आणि वेळेचा. विंडोज ११ ची फाइल ५ जीबीच्या वर आहे. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीत ती उतरत नाही. त्यामुळे ज्याच्याकडे फायबर कनेक्शन आहे त्याच्याकडून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून बनवून घ्यावी. लॅपटॉपची बॅटरी गेलेली असेल तर भारनियमनाची वेळ टाळूनच काम सुरू करावं. अपग्रेड चालू असताना मध्येच लाइट गेली तर विंडोज बिघडू शकतं आणि काम पहिल्यापासून करावं लागतं.

लॅपटॉप पात्र नसेल तर

अशा वेळी तीन वाटा दिसतात. त्यांतल्या दोन बऱ्या आहेत.

पहिली वाट म्हणजे विंडोज १० कोरं करून द्यावं आणि घेणाऱ्याला स्पष्ट सांगावं, "हा ११ वर जाणार नाही." भाव थोडा कमी येईल, पण पंधरा दिवसांनी कोणी भांडायला दारात येणार नाही.

दुसरी वाट म्हणजे लिनक्स. लिनक्स मिंट मोफत आहे, तिला किमान २ जीबी रॅम लागते आणि ४ जीबीवर ती ठीक चालते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ब्राउझर, यूट्यूब, ऑनलाइन क्लास, युनिकोड मराठी टायपिंग हे सगळं होतं. केरळच्या सरकारी शाळांत गेली अनेक वर्षं मुलं लिनक्सवरच संगणक शिकतात. पण गिऱ्हाईक कोण आहे ते बघावं. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. आधारच्या अंगठ्याची मशीन, डिजिटल सहीचा टोकन, डीटीपीचे जुने मराठी फाँट यांचं कामही बहुतेक ठिकाणी विंडोजवरच बसवलेलं असतं. म्हणून सेवा केंद्रवाला किंवा हिशेबनीस असेल त्याला लिनक्स देऊ नये. शाळकरी मुलासाठी किंवा घरच्या वापरासाठी चालते.

तिसरी वाट काही दुकानांत सर्रास वापरली जाते. तपासणी चुकवून जुन्या यंत्रावर विंडोज ११ बसवायचं. ते बसतं, चालतंही. पण अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून तर कोअर टू ड्युओच्या काळातल्या प्रोसेसरवर ते सुरूच होत नाही. स्वतःच्या वापरासाठी कोणी असं केलं तर तो त्याचा प्रश्न. पण "विंडोज ११ आहे" म्हणून जास्त पैसे घ्यायचे आणि आतली गोष्ट सांगायची नाही, ही फसवणूक झाली. समोरच्या घरात तो लॅपटॉप कदाचित कांद्याच्या पट्टीतून किंवा बचत गटाच्या कर्जातून घेतला जाणार असतो.

पैसे नेमके कशावर घालावेत?

घेणारा लॅपटॉप उघडतो तेव्हा आवृत्तीआधी त्याला वेग दिसतो. जुनी फिरती हार्ड डिस्क असलेल्या, ४ जीबी रॅमच्या यंत्रावर विंडोज ११ टाकलं तर ते चालू व्हायलाच बराच वेळ घेतं. अपग्रेड केल्यानं लॅपटॉप उलट संथ वाटतो आणि भाव पडतो. अशा वेळी एसएसडी बसवली तर फरक डोळ्यांनी दिसतो.

हिशेब सोपा ठेवावा. समजा, आहे त्या स्थितीत गिऱ्हाईक १०,००० रुपये म्हणतंय. विंडोज ११ टाकायची मजुरी ५०० रुपये असेल आणि त्यानंतर ११,५०० मिळणार असतील तर करावं. एसएसडी आणि मजुरी मिळून २,००० रुपये जाणार असतील आणि भाव १,५०० नंच वाढणार असेल तर करू नये, ते घेणाऱ्यावर सोडावं. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. आपल्या बाजारात दोन दुकानांत विचारून आपले आकडे मांडावेत. बिजागरी तुटलेली, बॅटरी फुगलेली किंवा स्क्रीनवर रेघा असतील तर विंडोजवर एक रुपयाही घालू नये. फुगलेली बॅटरी तर धोकादायक असते, ती आधी काढून घ्यावी.

अपग्रेड केलं म्हणजे डेटा पुसला असं नाही

इथंच सगळ्यात मोठं नुकसान होतं. विंडोज १० वरून ११ वर अपग्रेड केलं तर फोटो, फाइल, सेव्ह केलेले पासवर्ड जसेच्या तसे राहतात. जुनं विंडोजसुद्धा १० दिवस परत फिरण्यासाठी डिस्कवर ठेवलेलं असतं. आधार कार्ड, सातबारा, बँक पासबुकचे स्कॅन, क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड हे सगळं लॅपटॉपबरोबर दुसऱ्याच्या घरी जातं. फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामा केला तरी साध्या सॉफ्टवेअरनं त्या परत काढता येतात.

म्हणून क्रम असा ठेवावा:

१. हव्या त्या फाइल पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात आणि उघडून बघाव्यात.

२. क्रोम, ईमेल, वॉट्सअ‍ॅप वेब सगळीकडून लॉगआउट व्हावं. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरचा परवाना त्या यंत्रावरून सोडवून घ्यावा.

३. अपग्रेड करायचं असेल तर ते करून घ्यावं.

४. मग सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत जाऊन "रीसेट धिस पीसी", त्यात "रिमूव्ह एव्हरीथिंग" आणि पुढे "क्लीन डेटा" चालू करावं. हार्ड डिस्क असेल तर याला काही तास लागतात, चार्जर लावूनच ठेवावा.

५. लॅपटॉप परत सुरू होऊन देश निवडायचा पडदा आला की तिथंच बंद करावा. आपलं खातं घालू नये. पुढचं सगळं घेणाऱ्यानं त्याच्या नावानं करायचं.

६. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर आपल्या खात्यातल्या यादीतून तो लॅपटॉप काढून टाकावा.

परवाना ओरिजिनल आहे का?

सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर "डिजिटल लायसन्स" असा उल्लेख दिसला पाहिजे. आणखी एक तपासणी आहे. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून येणाऱ्या चौकटीत "एसएलएमजीआर" लिहून, जागा सोडून, तिरकी रेघ आणि "एक्सपीआर" असं इंग्रजीत लिहावं. कायमचं अ‍ॅक्टिव्हेट झाल्याचा संदेश आला तर ठीक. अमुक तारखेला मुदत संपेल असं दिसलं तर तो कंपनीचा सामूहिक परवाना किंवा क्रॅक असण्याची शक्यता असते. क्रॅक करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅमही आत येऊ शकतात. ज्या यंत्रावर बँकेचं काम होणार आहे, ते असं विकू नये आणि घेऊही नये.

घेणाऱ्यानं काय बघावं?

प्रोसेसरचा नंबर, रॅम, एसएसडी की हार्ड डिस्क आणि अ‍ॅक्टिव्हेशन हे चारही समोर उघडून बघावं. लॅपटॉप त्यासाठी चालू केलेला असेल तर बघून झाल्यावर पुन्हा रीसेट करून घ्यावा. "११ टाकलंय" म्हटलं की पीसी हेल्थ चेक तिथंच चालवायला सांगावं. मूळ बिल मागावं. नसेल तर साध्या कागदावर लॅपटॉपच्या खालचा सिरीयल नंबर, किंमत, तारीख आणि दोघांच्या सह्या घ्याव्यात. चोरीचा माल निघाला तर हाच कागद उपयोगी पडतो. विकणाऱ्यानंही त्याच कागदावर "विंडोज ११ साठी पात्र आहे" किंवा "पात्र नाही" एवढी एक ओळ लिहून द्यावी. व्यवहार त्या ओळीवर झाला की नंतर वाद उरत नाही.